बैलगाडीतली नाणी : कलावंतांच्या चरित्रांतला न लिहिलेला जमाखर्च

दादासाहेब फाळके यांच्या बहुतेक चरित्रांत एक बैलगाडी येते. १९१७ साली ‘लंकादहन’ आला, लोकांनी त्यावर अक्षरशः उड्या टाकल्या, आणि मद्रासला गल्ल्यात नाणी इतकी साचली की ती पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीतून न्यावी लागली, अशी ती कथा. पुस्तक बदलते, लेखक बदलतो, गाडी तीच राहते. पान उलटले की मात्र तिचा पत्ता लागत नाही. ती कोणाच्या दारात थांबली? तिच्यातले थिएटरवाल्याचे किती, सावकाराचे किती, फाळक्यांचे किती? पुढच्या चित्रपटाला हात घातला त्या दिवशी त्यातले काय शिल्लक होते? हे कोणी विचारत नाही. आणि दोनेक वर्षांत हाच माणूस स्वतःच्या कंपनीचा राजीनामा देऊन काशीला जाऊन बसतो, तेव्हा चरित्रकार ‘मुळातच विरक्त वृत्ती’ असे काहीतरी लिहून प्रकरण मिटवतो.

मी साहित्याचा किंवा चित्रपटाचा रीतसर अभ्यास केलेला नाही. पोटासाठी पंचवीस वर्षे छोट्या धंद्यांच्या वह्या लिहिल्या. त्यामुळे कलावंताचे चरित्र वाचतानाही बोट आपोआप ‘जमा’ आणि ‘नावे’ या दोन रकान्यांकडे जाते. त्या सवयीने आपली काही नावाजलेली चरित्रे पुन्हा वाचली, तेव्हा दिसले ते असे : आपण कलावंताचे कर्ज आवडीने सांगतो, पण त्याचा हिशेब सांगत नाही. कर्जाला तेज असते. हिशेबाला नसते. या आवडीची किंमत कोणी मोजली, हा या लेखाचा विषय आहे.

१

फाळक्यांना ‘व्यवहारशून्य’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो तपासायचा तर ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीपासून सुरुवात करावी लागते. चित्रपटाकडे वळले तेव्हा ते धंद्यात नवखे नव्हते. छायाचित्रणाचा व्यवसाय करून झाला होता, पुरातत्त्व खात्यातली नोकरी करून सोडली होती. लोणावळ्यात राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले, भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला, यंत्रसामग्रीसाठी १९०९ साली जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी न पटल्यामुळे त्यातून बाहेर पडले. म्हणजे भांडवल, यंत्र, कारागीर आणि भागीदार या चारही गोष्टींचा अनुभव गाठीशी होता, भागीदारीतल्या कडवटपणासह.

मग ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहणे आणि झपाटून जाणे. हा भाग सर्वांना पाठ आहे. मला त्यापुढचा भाग मोलाचा वाटतो. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकाला गाठले, त्याच्या ओळखीने सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि कच्ची फिल्म घेण्याची व्यवस्था केली आणि दोनेक महिन्यांत परत आले. मजा करायला गेलेल्या माणसाचा हा कार्यक्रम नव्हे. खरेदीला गेलेल्या कारखानदाराचा आहे.

परत आल्यावर त्यांनी लगेच हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, रोज थोडे थोडे चित्रण केले, आणि कोंबापासून वेलापर्यंतची वाढ मिनिटभरात दिसेल असा छोटा चित्रपट तयार केला. तो ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जातो. चरित्रांत तो ‘प्रयोगशील मनाचा आविष्कार’ म्हणून येतो. माझ्या वहीत तो नमुना म्हणून येतो. पैसे देणाऱ्याला दाखवायचा नमुना. तो पाहिल्यावर यशवंतराव नाडकर्णी पुढे झाले. कमीत कमी फिल्म खर्चून, नटांना पगार न देता, सेट न उभारता, ‘हे यंत्र मला चालवता येते’ हे सिद्ध करायचे असेल तर वाटाण्याच्या वेलापेक्षा स्वस्त नायक कुठे मिळेल? ज्याला आपण व्यवहारशून्य म्हणतो त्याने धंद्याची पहिली पायरी इतकी नेमकी टाकली होती.

खर्चाचा एक आकडाही सर्वत्र सापडतो. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहात दहा रुपये महिन्याने काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना फाळक्यांनी पंधरा रुपयांवर घेतले, असे सांगितले जाते. आपण हा आकडा गंमत म्हणून वाचतो. पण त्यात दीडपट पगाराचा हिशेब आहे. माणसाने पक्की नोकरी सोडून अनोळखी धंद्यात यावे, दाढीमिशा काढून लुगडे नेसावे, तर त्याला किती जास्त द्यावे लागेल याचा अंदाज त्या पाच रुपयांत आहे. हेच साळुंके पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत दिसले.

२

मग चुकले कुठे? याचे उत्तर माणसाच्या स्वभावात शोधण्याआधी धंद्याच्या स्वभावात शोधले पाहिजे.

किराणा दुकानदार आज माल आणतो, उद्या विकतो, परवा पुन्हा आणतो. त्याचे शंभर रुपये वर्षात अनेकदा फिरतात. चित्रपटात सगळा पैसा पहिल्या खेळाआधी बाहेर जातो. कच्ची फिल्म, रसायने, माणसांचे जेवणखाण, कपडे, रंगवलेले पडदे, सगळे नावे पडते, आणि जमेच्या बाजूला महिनोन्महिने एक आणाही येत नाही. येऊ लागतो तेव्हा तो आण्या-पैशांत, गावोगावी, प्रत हिंडेल तसा येतो. त्या प्रती काढायलाही पुन्हा पैसा लागतो. म्हणजे चित्रपट यशस्वी होत असतानाही निर्मात्याचा हात रिकामा असू शकतो. खेळत्या भांडवलाची ही अडचण आजही प्रत्येक छोट्या नाट्यसंस्थेला आणि पेणच्या मूर्तिकाराला ओळखीची आहे. मूर्तिकाराचा माल वर्षभर घडतो आणि त्याची विक्री काही दिवसांत होते. मधल्या काळाचे व्याज त्याच्या डोक्यावर असते.

फाळक्यांच्या बाबतीत ही अडचण १९१४ साली उघडी पडली. ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ असे तीन चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांचे कौतुक झाले, तिथेच राहून काम करण्याबद्दल विचारणाही झाली. ती नाकारून ते परतले तेव्हा महायुद्ध पेटले होते आणि पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. तीन चित्रपट चाललेले असूनही पुढचा मोठा चित्रपट यायला १९१७ उजाडावे लागले. तीन यशांतून चौथ्यापुरतेही भांडवल साठत नसेल, तर दोष उधळपट्टीचा की रचनेचा?

आता बैलगाडीकडे परत येऊ. ‘लंकादहन’ १९१७चा. आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना भागीदार करून ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ सुरू झाली ती १९१८च्या आरंभी. गाडी भरून नाणी मिळवलेल्या माणसाला काही महिन्यांतच भागीदार का लागावेत? माझा तर्क सरळ आहे. गाडीतला पैसा हा गल्ला होता. मागचे देणे, व्याज, थिएटरचा वाटा आणि प्रतींचा खर्च त्यातून वजा व्हायचा होता. उरले असेल ते नाशिकचा कारखाना वर्षभर चालवायला पुरेसे नसावे. गल्ला, नफा आणि भांडवल हे तीन वेगळे शब्द आहेत. आपल्या चरित्रांत तिन्ही एकाच बैलगाडीत बसवलेले दिसतात.

३

याच सुमारास, १९१७च्या अखेरीपासून १९१८पर्यंत, फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकात ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर लेखमाला लिहिली. मराठीतल्या चित्रपटविषयक लेखनात तिचे स्थान मोठे आहे. पुढच्या साऱ्या चरित्रांचा तो झरा आहे. विमा, दागिने, जागरणे, डोळ्यांचा त्रास, स्वदेशी उद्योगाची तळमळ, हे सगळे आपल्यापर्यंत पोचले त्यात या लेखांचा वाटा आहे.

या लेखांकडे आजवर आत्मकथन म्हणून आणि राष्ट्रीय भावनेचा दस्तऐवज म्हणून पाहिले गेले. दोन्ही बरोबर आहे. पण तारखा शेजारी शेजारी मांडल्या की तिसरी गोष्ट दिसते. नवी कंपनी उभी राहत होती नेमके त्याच महिन्यांत हे लेख छापून येत होते. धंद्याचा जनक स्वतः सांगतो आहे, की हा उद्योग देशी आहे, तो मी एकट्याने उभा केला, त्यासाठी घरदार पणाला लावले. वाचणारा सुशिक्षित, स्वदेशीचा अभिमानी आणि कदाचित चार पैसे बाळगून असलेला. मला हे लेख एक प्रकारचे भाग-विक्रीचे निवेदनही वाटतात. यात कमीपणा काही नाही. उलट त्यागाची कथा हीच बाजारातली पत कशी होते, हे फाळक्यांना कळत होते. फक्त एक झाले. त्यांनी ज्या प्रसंगी ज्या हेतूने ती कथा मांडली तो प्रसंग आणि तो हेतू चरित्रकारांनी गाळला, आणि कथा तेवढी ठेवली. पत मिळवण्यासाठी सांगितलेला त्याग पुढे स्वभाववर्णन होऊन बसला.

कंपनीत काय झाले हे थोडक्यात सांगता येते. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ आले, चांगले चालले, आणि भागीदारांशी खटके उडू लागले. खर्च किती, वेळ किती, निर्णय कोणाचा, हे मुद्दे होते. फाळके बाहेर पडले, काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, आणि काही काळाने त्याच कंपनीत परतले. पण मालक म्हणून नव्हे. मालक, मग भागीदार, मग पगारी तज्ज्ञ, या तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर कलावंताचे नाव तेवढेच मोठे राहिले आणि वहीतली त्याची जागा एकेक ओळ खाली सरकली. भागीदार खलनायक होते असे समजण्याचे कारण नाही. पैसा त्यांचा होता आणि तो कधी परतेल हे विचारण्याचा त्यांना अधिकार होता. उणीव होती ती कराराची. कलेच्या निर्णयांत शेवटचा शब्द कोणाचा आणि खर्चाच्या निर्णयांत कोणाचा, ही रेघ आरंभी स्पष्ट आखलेली असती तर काशी टळली असती का, हा प्रश्न विरक्तीच्या स्पष्टीकरणापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

४

सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने प्रत्येक पुस्तकात आहेत. त्यांचे खाते कुठेच नाही.

दागिने मोडून किंवा गहाण टाकून धंद्यात आलेला पैसा हे भांडवल असते. माझ्याकडे वही आली तर मी ते मालकाच्या नावे जमा करणार नाही. ज्याचा पैसा त्याच्या नावे करीन. स्त्रीधनाला तर कायद्याने आणि रूढीनेही बाईचे मानले आहे. त्याशिवाय श्रम आहेत. सरस्वतीबाई अंधारात फिल्मला छिद्रे पाडत, ती धुण्याच्या कामात हातभार लावत, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत, असे वर्णन मिळते. यातले प्रत्येक काम आज वेगळ्या माणसाचे वेगळ्या पगाराचे आहे. ते सगळे ‘पतीला खंबीर साथ’ या तीन शब्दांत बसवले जाते. पंधरा रुपयांचे साळुंके वहीत आहेत. बिनपगारी सरस्वतीबाई आभाराच्या पानावर आहेत. चित्रपट फायद्यात गेला की नाही हे ठरवताना हे श्रम खर्चात धरायचे की नाही? न धरता काढलेला नफा खरा नफा नसतो. तो घरातून घेतलेला, न नोंदलेला उसना पैसा असतो.

फाळक्यांचे घर याला अपवाद नव्हते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभारली तेव्हा भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. गाण्यावर मिळवलेला पैसा एका बाईने चित्रपटात घातला. मराठी चित्रपटाच्या पहिल्या दोन कारखान्यांच्या पायात बायकांचा पैसा आहे, एकीचा दागिन्यांच्या रूपाने, दुसरीचा गळ्याच्या कमाईच्या रूपाने. इतिहासात पहिली ‘पत्नी’ आणि दुसरी ‘आश्रयदाती’. भांडवलदार कोणीच नाही.

५

रंगभूमीवर हीच गोष्ट बालगंधर्वांच्या रूपाने दिसते, आणि तिथे तर दंतकथेचा सोस अधिकच आहे. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून नारायणराव राजहंस, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. काही वर्षांत आधी टेंबे आणि मग बोडस बाहेर पडले, आणि मालकी एकट्या बालगंधर्वांकडे आली. टेंब्यांचा ‘माझा जीवनविहार’ आणि बोडसांची ‘माझी भूमिका’ ही पुस्तके आपल्याकडे आहेत. ती आपण गाण्यासाठी आणि भूमिकांसाठी वाचतो. एकाच कंपनीतून निघालेल्या दोन भागीदारांची पुस्तके म्हणून ती शेजारी ठेवून वाचण्याची रीत आपल्याकडे पडली नाही.

नाटक कंपनी म्हणजे फिरते बिऱ्हाड. नट, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी, शिकाऊ मुले, सगळ्यांचे जेवण आणि पगार रोजचे असतात. उत्पन्न मात्र खेळाचे असते. खेळ नसला तरी चूल पेटते. अशा धंद्यात मालक स्वतःच मुख्य नट असला की दुहेरी संकट येते. घसा बसला तर उत्पन्न थांबते, आणि खर्चाला ‘नाही’ म्हणणारा कोणी उरत नाही. उंची शालू, अत्तरे, पंक्ती यांच्या कथा आपण चवीने सांगतो. पण खर्चाला ‘नाही’ म्हणू शकणारे दोघे बाहेर पडल्यानंतर त्या शालूंचा अर्थ बदलतो, हे सांगत नाही.

८ जुलै १९२१ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. वरचे तिकीट शंभर रुपये. मराठी रंगभूमीच्या इतिहासातली ही बहुधा सर्वांत जास्त सांगितली गेलेली रात्र असेल. बाजारभावाने पाहिले तर त्या रात्री कळले की रसिक या दोन गळ्यांसाठी काय मोजायला तयार आहे. तो पैसा देशकार्याला गेला, हे उचितच. पण गंधर्व मंडळी स्वतः त्याच काळात कर्जात बुडाली होती. ही दोन वाक्ये आपल्या पुस्तकांत सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. शेजारी ठेवली की अस्वस्थ व्हायला होते, म्हणून असेल.

बालगंधर्वांच्या बाजूचीही एक नोंद केली पाहिजे. लोकांकडून वर्गणी घेऊन कर्ज फेडण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही, खेळ करून देणी फेडली, असे चरित्रकार सांगतात. हे उधळ्या माणसाचे लक्षण नव्हे. देणे ते देणे, हे मानणाऱ्या माणसाचे आहे. म्हणजे इथेही ‘व्यवहारशून्य’ हा शब्द लागू पडत नाही. त्यांना देणे कळत होते. येणे मागण्याची आणि खर्च रोखण्याची व्यवस्था त्यांच्याभोवती नव्हती.

अशी व्यवस्था उभी राहू शकते याचा दाखला याच मातीत आहे. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ निघाली तेव्हा दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या चार कारागिरांबरोबर सीताराम कुलकर्णी हे पैशाची बाजू सांभाळणारे पाचवे भागीदार होते. चौघेही बाबूराव पेंटरांच्या कंपनीत काम करून आलेले. एकाकडे ध्वनी, एकाकडे कला, एकाकडे दिग्दर्शन, एकाकडे तिजोरी, अशी कामे वाटलेली होती. पुढे प्रभातही फुटली, पण फुटेपर्यंत तिने जे दिले त्यात या वाटणीचा हिस्सा आहे. १९३५ साली ‘धर्मात्मा’साठी बालगंधर्व प्रभातमध्ये आले, हा योगायोग मला बोलका वाटतो. तो सहयोग टिकला नाही.

६

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. फाळक्यांनी हिशेब केला असता तर पॉलिसी तारण ठेवलीच नसती. ताळेबंद पाहून कोणी ‘हरिश्चंद्र’ काढतो का? मान्य. पण धोका पत्करणे आणि हिशेब न ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिसी तारण ठेवणारा माणूस किती पणाला लावतो आहे ते मोजूनच ठेवतो. माझी तक्रार फाळक्यांविषयी नाही, बालगंधर्वांविषयी तर नाहीच. तक्रार आहे ती त्यांच्याबद्दल लिहिण्याच्या आपल्या रीतीविषयी. या रीतीत कलावंताची हलाखी हा त्याच्या थोरवीचा पुरावा होतो, आणि मग ती हलाखी कोणी, कशी, कोणत्या करारातून घडवली हे विचारायची गरज उरत नाही.

त्याची झळ कोणाला लागते, हे मी पाहिले आहे. आमच्या तालुक्याच्या गावी एक बोर्ड रंगवणारे कलाकार होते. निवडणुका, गणेशोत्सव, नाटकांचे फलक, सगळे त्यांच्या हातचे. दर दिवाळीच्या आधी एक पिशवीभर डायऱ्या घेऊन माझ्याकडे यायचे. डायरीत रंग, कापड, बांबू, टेम्पो, पोराला दिलेली मजुरी, सगळे पैशापर्यंत लिहिलेले असायचे. त्यांची स्वतःची मजुरी कुठेच नसायची. मी विचारले की म्हणायचे, “माझी कशाला धरायची, मी तर करतोच आहे.” मंडळांकडे येणी राहायची. मागायला गेले की लोक म्हणायचे, तुमच्यासारख्या कलावंताने पैशाचे काय बोलावे. ते हसून परत यायचे. पुढे फ्लेक्सचे यंत्र आले आणि तीन वर्षांत काम संपले. यंत्राने त्यांना संपवले असे सगळे म्हणतात. मी त्यांच्या वह्या पाहिल्या होत्या. ते वीस वर्षे तोट्यातच होते. फक्त तो तोटा त्यांच्या पोटातून आणि बायकोच्या शिवणकामातून भरला जात होता, म्हणून दिसत नव्हता.

‘तुमच्यासारख्या कलावंताने’ हे वाक्य त्या मंडळांच्या पोरांना कोणी शिकवले? काही अंशी आम्ही लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनीच. बैलगाडीची गोष्ट सांगून, आणि पुढचे पान न उलटून.

१९३९ साली भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवात, शांताराम यांच्या पुढाकाराने, वृद्ध फाळक्यांसाठी निधी जमवला गेला. त्यातून नाशिकला त्यांच्यासाठी घर झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले. चरित्रांत हा प्रसंग कृतज्ञतेच्या प्रकरणात येतो. एका अख्ख्या उद्योगाने आपल्या पहिल्या माणसाला दिलेले ते घर मी दान म्हणून लिहिणार नाही. माझ्या वहीत ते ‘येणे वसूल’ या सदरात जाईल, आणि त्याखाली लिहावे लागेल : बाकी बरीच.